झाकण उघडं राहिलं

समजा, ठाण्यातल्या एका सात मजली सोसायटीत सेक्रेटरीकाका गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत मृत सापडतात. गोष्ट सांगते चौथ्या मजल्यावरची सोळा वर्षांची मुलगी. तिला सई म्हणू. तिची पहिली तक्रार अशी, की टाकी उपसून धुवायची म्हणजे दोन दिवस नळाला पाणी नाही, आणि तिला तर शनिवारी केस धुवायचे होते. दुसऱ्या पानावर ती हिशोब मांडते: जिन्यात सायकल लावल्याबद्दल काकांनी ठोकलेला शंभर रुपयांचा दंड आता बहुधा कोणी मागणार नाही. तिसऱ्या पानावर ती शोकसभेच्या फलकावरची शुद्धलेखनाची चूक काढते. वाचक हसतो, हसल्याबद्दल जरा चपापतो आणि पान उलटतो. मग दुसऱ्याच कशाबद्दल बोलता बोलता सई एक वाक्य टाकून जाते: ‘झाकण उघडं राहिलं.’

राहिलं. ठेवलं नव्हे.

मराठीत चौदा ते अठरा वयाच्या वाचकासाठी अशी पुस्तकं लिहिली जावीत, छापली जावीत आणि शाळेच्या कपाटात उघडपणे ठेवली जावीत, असं माझं म्हणणं आहे. आडमुठी, आत्मकेंद्री, खोटारडी आणि तरीही वाचत राहावंसं वाटणारी सई आपल्या कुमार साहित्याला हवी आहे. यावरचा आक्षेप सगळ्यांच्या जिभेवर तयार असतो: वय संस्कारक्षम आहे, मुलं अनुकरण करतात, आधीच जगात काय कमी अंधार आहे. या आक्षेपाला उत्तर आहे, पण ते ‘काळ बदलला’ असं मोघम नाही. ते या प्रकारच्या गोष्टीच्या बांधणीत आणि मराठीच्या व्याकरणात आहे.

आधी कपाटात काय आहे ते पाहू. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. दोघेही उचापती, दोघेही लाडके. फेणे कुठल्याही भानगडीत सापडला तरी तो कोणाच्या बाजूने आहे याची शंका वाचकाला कधी येत नाही. आणि साने गुरुजींचा श्याम. त्याच्याबद्दल एक गोष्ट विसरली जाते: पोहायचं टाळण्यासाठी लपून बसणारा, आईला दुखावणारा, हट्टी श्याम हा खरं तर स्वतःच्या चुकांचा पाढा वाचणारा निवेदक आहे. मात्र ते सगळं सांगतो मोठा झालेला श्याम, आश्रमातल्या सोबत्यांना, रात्री प्रार्थनेनंतर. चूक सांगायच्या आधीच तिचा निकाल लागलेला असतो. ऐकणाऱ्याने रडायचं असतं, न्याय करायचा नसतो.

चिडक्या, तिरकस निवेदकाची मराठीला ओळखच नाही असंही नाही. १९६३ च्या ‘कोसला’तला पांडुरंग सांगवीकर आहेच. पण तो पंचवीस वर्षांचा आणि मोठ्यांच्या कपाटात. रहस्यकथेकडे वळावं तर बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार, धनंजय, काळापहाड हे सगळे प्रौढ, धाडसी आणि शेवटी न्यायाच्या बाजूचे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पोरांनी ते अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचले. लपवून वाचायला मिळणं ही वाचनाची फार चांगली सुरुवात असते, हे जाता जाता.

शाळेत ‘मी’ने सुरू होणारं लिखाण शिकवलं जातं ते आत्मवृत्ताच्या निबंधात. फाटक्या पुस्तकाला मनोगत असतं, वठलेल्या झाडाला असतं, बंद पडलेल्या घड्याळाला, रस्त्याला, शाळेच्या घंटेलाही असतं. हे सगळे निवेदक सोसणारे आणि निरपराध. ‘मी रस्ता बोलतोय’ म्हणणारा रस्ता आजवर कधी खोटं बोललेला नाही. दहावी होईपर्यंत मुलाच्या मनात पक्कं बसतं, की जो ‘मी’ म्हणून बोलतो तो खरं बोलतो. पुढे आयुष्यभर भाषणं, जाहिराती, माफीनामे आणि फॉरवर्ड वाचणाऱ्या माणसासाठी याहून घातक समजूत कोणती असेल?

आता आक्षेपाचा इतिहास. १९५४ साली अमेरिकेत गुन्हेगारी आणि भयकथांच्या कॉमिक्सविरुद्ध मोठी ओरड झाली. फ्रेडरिक वर्थम या मनोविकारतज्ज्ञाने मुलं कॉमिक्समुळे बिघडतात असं पुस्तक लिहिलं, सिनेटच्या समितीपुढे साक्षी झाल्या आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःवरच एक संहिता लादून घेतली. गुन्हेगाराबद्दल सहानुभूती वाटेल असं काही दाखवायचं नाही, आणि प्रत्येक गोष्टीत सुष्टांचा दुष्टांवर विजय व्हायलाच हवा. शेवटच्या प्रकाशकांनी ही संहिता सोडली ती २०११ मध्ये. त्याच्या पुढच्या वर्षी कॅरोल टिली या अभ्यासिकेने वर्थमचे मूळ कागद तपासून दाखवून दिलं, की त्याने मुलांच्या जबान्या आपल्या सोयीने वाकवल्या होत्या, कापल्या होत्या, एकमेकांत मिसळल्या होत्या. म्हणजे मुलांना खोट्यापासून वाचवणाऱ्या मोहिमेचा निवेदकच अविश्वसनीय निघाला.

ब्रिटनने १९५५ मध्ये आणि भारताने १९५६ मध्ये तरुणांना घातक प्रकाशनांविरुद्ध कायदेच केले. आपल्या कायद्यातली ‘तरुण व्यक्ती’ वीस वर्षांच्या आतली. पण त्याची व्याख्या नीट वाचली तर ती या विषयावरच्या आपल्या गप्पांपेक्षा शहाणी आहे. गुन्हे, हिंसा, क्रौर्य दाखवणं एवढंच तिला पुरत नाही. ते अशा रीतीने दाखवलेलं असावं लागतं, की प्रकाशन एकूणात वाचणाऱ्याला बिघडवण्याकडे झुकेल. एकूणात हा शब्द मोलाचा आहे. पालकसभेत जे पान फोटो काढून फिरवलं जातं ते नेहमी एकच पान असतं, आणि सईसारख्या निवेदकाचं कुठलंही एकच पान आक्षेपार्ह असणारच. तिची खोड मोडते ती पुढच्या पन्नासाव्या पानावर.

आक्षेपात एक भाग मात्र खरा आहे आणि तो मान्य करायलाच हवा. २०१७ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेल्या ‘थर्टीन रीझन्स व्हाय’ या मालिकेत एका किशोरवयीन मुलीची आत्महत्या सविस्तर दाखवली होती. तज्ज्ञांनी कडक टीका केली, आणि जुलै २०१९ मध्ये ते दृश्य मालिकेतून काढलं गेलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या माध्यमांसाठीच्या सूचना हेच सांगतात: पद्धत वर्णन करू नका, आत्महत्या हे प्रश्नाचं उत्तर म्हणून दाखवू नका. या वयाच्या वाचकासाठी धोका असतो तो पद्धतीत, कृतीच्या पाककृतीत. निवेदक आवडता आहे की नावडता याच्याशी त्याचा संबंध नाही. उलट आवडत्या, हळव्या, सुंदर निवेदकाच्या हातून झालेलं कृत्य जास्त ओढ लावतं. म्हणून सईच्या गोष्टीत काका टाकीत नेमके कसे गेले हे यंत्रासारखं समजावून सांगायची गरज नाही, आणि तिने तसं सांगू नये. झाकण पुरे.

त्या झाकणाकडेच वळू, कारण खरी गंमत तिथे आहे.

मराठीत क्रियापदांच्या जोड्या आहेत: फुटणे आणि फोडणे, पडणे आणि पाडणे, तुटणे आणि तोडणे, जळणे आणि जाळणे, सुटणे आणि सोडणे, बुडणे आणि बुडवणे, मरणे आणि मारणे. पहिलं आपोआप होतं, दुसरं कोणीतरी करतं. चार वर्षांच्या पोरालाही हा फरक कळतो, म्हणून तर ते ‘कप फुटला’ म्हणत येतं. मधली एक पायरीही आपल्याकडे आहे: ‘माझ्या हातून कप फुटला.’ हात माझा, पण करणारा मी नाही. त्यावर जोड-क्रियापदांचं बारीक नक्षीकाम. ‘बोलले’ आणि ‘बोलून गेले’, ‘केलं’ आणि ‘करून टाकलं’, ‘झालं’ आणि ‘होऊन बसलं’. ‘होऊन बसलं’ म्हणणारा माणूस एकाच वेळी हळहळतो आणि अंग काढून घेतो. शिवाय ‘म्हणे’ आहे. ‘काका म्हणे एकटेच वर गेले होते.’ या एका ‘म्हणे’ने सईने बातमी दिली आणि तिची जबाबदारी शेजाऱ्यांच्या गळ्यात घातली.

खोटं एकही नाही, आणि तरी सगळं लपलेलं आहे. अविश्वसनीय निवेदकासाठी आयतीच घडवलेली अशी भाषा हाताशी असताना ती आपण फाटक्या पुस्तकाच्या मनोगतावर खर्च करतो.

एक अडचणही येते. परभाषेत ‘मी’चं लिंग शेकडो पानं लपवता येतं. मराठीत ‘मी गेले’ म्हणताच मुलगी ठरते, ‘मी गेलो’ म्हणताच मुलगा. लपवायचंच असेल तर भूतकाळ सकर्मक ठेवावा लागतो, कारण तिथे क्रियापद कर्त्याकडे बघत नाही: ‘मी दार उघडलं’, ‘मी पाटी वाचली’, ‘मी काही सांगितलं नाही’. भविष्यकाळही निर्धोक: ‘मी जाईन’. पण असं लिहिताना येणं-जाणं, बसणं-उठणं टाळावं लागतं, आणि पाचेक पानांत निवेदक पक्षाघात झाल्यासारखा एका जागी बसून वस्तू उघडतो, वाचतो, ठेवतो एवढंच उरतं. कोल्हापूरकडे मुलीही ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात. तिकडची सई बसवली तर लेखकाची सोय होईल आणि पुण्यातले मुद्रितशोधक चुका सुधारून ती घालवतील.

थोडक्यात, शाळेत रडतखडत शिकवला जाणारा कर्तरी, कर्मणी आणि भावे प्रयोग ही गुन्ह्याच्या तपासाची हत्यारं आहेत. एखाद्या शिक्षकाने दहा पानं वाचायला द्यावीत आणि दोन रंगांच्या पेन्सिली. जिथे करणारा सांगितला आहे तिथे निळी रेघ, जिथे गोष्ट ‘आपोआप’ झाली आहे तिथे लाल. सईची पानं लालेलाल होतील. मग त्याच दिवशीच्या वर्तमानपत्रातल्या खुलाशावर तीच पेन्सिल चालवायला सांगावी. ‘अनवधानाने उल्लेख राहून गेला’, ‘फलक कोसळला’, ‘निधी परत गेला’. संस्कार म्हणतात तो हाच असेल तर त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे.

मात्र हे सगळं साधतं ते पुस्तक नीट बांधलेलं असेल तरच. वाईट बांधलेला नावडता निवेदक नुसताच त्रासदायक पाहुणा असतो. इथे कारागिरी हाच नीतीचा प्रश्न होतो, म्हणून बांधणीबद्दल थोडं तपशिलात.

अशी कादंबरी पन्नास हजार शब्दांच्या आसपास बरी, प्रकरणं तीसेक, म्हणजे एकेक साधारण सोळाशे शब्दांचं. याहून लांबली की सईची तिरकस जीभ वाचकाच्या डोक्यात जाते. लिहायच्या आधी खोट्याची खतावणी हवी, चार रकान्यांची: खरं काय घडलं, सई काय सांगते, ती तसं का सांगते, आणि कोणती वस्तू किंवा माणूस तिला कुठल्या प्रकरणात खोटं पाडतं. दहा-बारा खोटी पुरतात. तीन मोठी, बाकी बारीक आणि फुशारकीची. त्यातलं एक बारीक खोटं पहिल्या दहा पानांतच उघडं पडायला हवं. सई म्हणते तिला ब्याण्णव टक्के मिळाले, आणि पाचव्या पानावर आई फोनवर कोणाला तरी चौऱ्याऐंशी सांगते. बस. इथे वाचकाला खेळाचा नियम समजला: ही मुलगी फेकते. नियम सांगितल्याशिवाय मोठं खोटं खेळलं तर ती वाचकाची फसवणूक होते, आणि किशोर वाचक तिला क्षमा करत नाही.

मोठ्या खोट्याला किमान दोन पुरावे हवेत, एक वस्तूचा, एक माणसाचा, आणि उलगड्याच्या निदान तीन प्रकरणं आधी ते समोर पडलेले हवेत. आजच्या सोसायटीत वस्तू मुबलक आहेत, अडचण तीच. लेखक मोबाइल विसरतो आणि गोष्ट कोसळते. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग डिस्क भरली की जुन्यावर नवं चढत जातं. कॅमेरे किती आणि डिस्क केवढी यावर किती दिवस मागचं मिळेल हे ठरतं. त्या यंत्राचं घड्याळ पुष्कळदा चुकलेलं असतं. बारा मिनिटं पुढे असलेलं घड्याळ आणि वॉचमनच्या वहीतली पेनाने लिहिलेली वेळ यांच्या तफावतीत सईचं एक मोठं खोटं आरामात राहू शकतं. सोसायटीच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज सगळ्यांसाठी डिलीट केला तरी डिलीट केल्याची खूण जागेवर उरते. मेसेज काय होता यापेक्षा रात्री अकरा चाळीसला टाकलेला तो कोणी पुसला, हे पुढे जास्त बोलतं.

निवेदकाने लपवावं कसं यालाही मर्यादा आहे. अगाथा ख्रिस्तीने १९२६ मध्ये निवेदकाने गाळलेल्या दहा मिनिटांवर एक अख्खी कादंबरी तोलली. वाचकांनी फसवणुकीचा आरोप केला, पण ती दहा मिनिटं पानावर स्पष्ट छापलेली होती, कोणी मोजली नव्हती इतकंच. सईनेही तेवढंच करावं. क्रियापद बदलावं, वेळ गाळावी, खऱ्या गोष्टी चुकीच्या क्रमाने सांगाव्यात. ‘मग मी खाली आले’ हे वाक्य सज्जन आहे, फक्त त्या ‘मग’च्या आधी वीस मिनिटं गेली. पण जे घडलंच नाही ते साफ खोटं सांगायचं असेल तर ऐकणारं कोणीतरी हवं, ज्याच्याशी खोटं बोलून तिला काही मिळतं. स्वतःच्या डायरीत पानभर खोटं लिहिणारी मुलगी पटत नाही. समुपदेशकाला सांगणारी पटते.

नावडतीचं मीठ अळणी, ही म्हण इथे उलटी कामाला येते. पुस्तकात निदान दोनदा सईने निखळ खरं बोलावं आणि कोणीही, वाचकानेही, तिच्यावर विश्वास ठेवू नये. आपल्याला एखादं माणूस आवडत नाही एवढ्यावरून आपण त्याचं खरं नाकारलं, हे दीडशे पानांनी कळणं गुळगुळीत नायकाच्या गोष्टीत शक्य नाही.

विनोदाचं गणित याहून नाजूक. काळा विनोद मृत्यूवर करायचा नसतो. मृत्यूच्या शेजारी बसून केस धुण्याचा विचार करणाऱ्या मनावर तो करायचा असतो. सोसायटीच्या परिपत्रकांची भाषा यासाठी सोन्याची खाण आहे: ‘कै. सेक्रेटरी यांच्या दुःखद निधनामुळे सोमवारी पाणीपुरवठा होणार नाही, सभासदांनी सहकार्य करावे.’ सई वॉचमनला, घरकामाच्या बाईंना हसेल. तशीच आहे ती. पण पुस्तकाने हसू नये. फरक कसा दाखवायचा? उत्तर द्यायची संधी देऊन. वॉचमनला एकच वाक्य द्यावं, पण ते त्या पानावरचं सगळ्यात हुशार वाक्य असावं, आणि सईला त्यातला डंख कळू नये.

बिघाड कुठे होतो हेही ठरलेलं आहे. सगळ्यात मोठा म्हणजे शेवटचं पश्चात्तापाचं प्रकरण. संपादकाला धीर धरवत नाही, पालक काय म्हणतील ही भीती असते, आणि एकोणतीस प्रकरणं तिखट बोललेली मुलगी तिसाव्यात आजीच्या फोटोसमोर रडते. आधीचं सगळं वाया. दुसरा बिघाड म्हणजे आजार. सईला एखाद्या मनोविकाराचं नाव चिकटवून मोकळं होणं. हे वैद्यकीयदृष्ट्या बहुधा चुकीचं, त्या आजाराच्या माणसांवर अन्यायाचं आणि गोष्ट म्हणून आळशी. तिसरा म्हणजे बालपणीच्या एका भीषण प्रसंगाचा परवाना. चौथा, चाळिशीतल्या लेखकाची जीभ. सोळा वर्षांची मुलगी ‘अस्तित्वाची पोकळी’ म्हणत नाही. ती ‘बोअर’ म्हणते आणि पोकळी वाचकाला जाणवते. बोलीतले ताजे शब्द चिमटीने घालावेत, दोन वर्षांत त्यांना वास येतो. वाक्याचा तुटकपणा, अर्धवट सोडलेलं उत्तर, ‘असो’ हे जास्त टिकतं.

आणि तिला एक कौशल्य हवं, एक हवंसं काहीतरी हवं. नुसता कडवटपणा तीन प्रकरणांत संपतो. समजा, सईला गच्चीची किल्ली हवी होती. घरात एक खोली, तिच्यात चार माणसं, अकरावीचा अभ्यास आणि टीव्ही. काकांनी गच्चीला कुलूप घातलं होतं. एवढंच कारण. ते समजतं, पण त्याने काहीही माफ होत नाही, आणि वाचकाला याच दोहोंच्या मध्ये अवघडून उभं ठेवायचं असतं.

कायद्याच्या बाबतीत तर आपल्या गोष्टी हमखास घसरतात. सिनेमातला इन्स्पेक्टर येतो, मुलीला ठाण्यात नेतो, टेबलावर हात आपटतो. प्रत्यक्षात आधी अकस्मात मृत्यूची नोंद होते आणि शेजारच्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांसमोर पंचनामा होतो. सोसायटीत प्रतिष्ठित कोण यावरून एक अख्खं विनोदी प्रकरण होईल. संशय सईवर आला तरी ती ‘आरोपी’ नसते. अधिकृत मराठीत तिला विधिसंघर्षग्रस्त बालक म्हणतात, आणि हा शब्द पहिल्यांदा ऐकल्यावर सई काय म्हणेल याची कल्पना करवते. पोलीस साध्या कपड्यांत येतात, तिला कोठडीत ठेवता येत नाही, चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यातली एक स्त्री असावीच लागते.

इथे व्याकरण आणि कायदा एकमेकांना भेटतात. झाकण निष्काळजीपणाने उघडं राहिलं असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली जास्तीत जास्त पाच वर्षांचा गुन्हा. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात तो ‘अतिगंभीर’ या वर्गात बसत नाही, प्रकरण मंडळातच राहतं आणि विशेष गृहात जास्तीत जास्त तीन वर्षं. तेच झाकण जीव घेण्याच्या हेतूने उघडं ठेवलं असेल, तर कलम १०३, खून, ‘अतिगंभीर’ वर्ग. मग सोळा पूर्ण झालेल्या मुलीचं प्राथमिक मूल्यमापन होतं: तिची मानसिक-शारीरिक क्षमता, परिणामांची समज, परिस्थिती. त्याला मुदत तीन महिने. त्यानंतर तिच्यावर प्रौढांसारखा खटला चालू शकतो. तेव्हाही फाशी नाही, आणि सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेपही नाही. राहिलं आणि ठेवलं यांच्यात इतकं अंतर आहे. सईला ते इतरांच्या आधी कळलेलं असणार. तिचं व्याकरण उगाच इतकं जपून नाही.

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरच्या अपघातात दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. गाडी चालवल्याचा आरोप असलेल्या सतरा वर्षांच्या मुलाला जामीन देताना रस्ते अपघातावर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली गेली. देशभर संताप झाला, पुढे मंडळाने आदेश बदललाही. तो संताप रास्त होता. पण त्या अटीमागे एक भाबडी श्रद्धा होती, की मुलाने ‘मी’ म्हणून लिहिलं की तो आतून बदलतो. आपल्या शाळांची घडण पाहता तो निबंध कसा झाला असता हे कोणीही सांगेल: ‘अपघात ही काळाची गंभीर समस्या आहे.’ तीनशे शब्दांत एकही सकर्मक क्रियापद नाही.

त्या मुलावर कादंबरी लिहा असं मी मुळीच म्हणत नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार अशा मुलाचं नाव, पत्ता, शाळा, ओळख पटेल असं काहीही छापता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि त्याहून साधी गोष्ट म्हणजे दोन घरांतलं दुःख ही कोणाची सामग्री नाही. सई कल्पित असावी ती याचसाठी. मात्र ३०० शब्दांची ती चौकट लेखकाने उचलावी. समुपदेशकाने सईला निबंध लिहायला सांगितला आहे, आणि ही कादंबरी म्हणजे त्या निबंधाचे तिने खोडलेले सगळे कच्चे खर्डे.

प्रकाशकांनी आणि शाळांनी करायचं ते थोडं आहे. मलपृष्ठावर ‘संस्कारक्षम’ छापण्याऐवजी वय छापावं, चौदाच्या पुढे, आणि आत मृत्यू आहे हे स्पष्ट लिहावं. अशी पुस्तकं परीकथांच्या फळीवर कोंबू नयेत, कुमारांची फळी वेगळी करावी. आणि वाचून झाल्यावर मुलांना ‘यातून काय बोध घ्याल’ हा प्रश्न विचारू नये. ‘ती पहिल्यांदा कुठे खोटं बोलली’ हा विचारावा. वर्गात भांडण लागेल, पानं उलटली जातील, दोन मुलं आधी न वाचलेलं प्रकरण तिथेच वाचून काढतील.

उरला प्रश्न ‘ठेवलं’ हा शब्द कुठे घालायचा. शेवटच्या ओळीत नको, ते फार टाळीबाज होईल. अठ्ठाविसाव्या प्रकरणात, लांबलचक वाक्याच्या मधोमध, सई सायकलच्या दंडाबद्दल कुरकुरत असताना: ‘... आणि ज्या दिवशी झाकण मी उघडं ठेवलं त्या दिवशीही पावती त्यांच्या खिशातच होती.’ घाईत वाचणारा पुढे निघून जाईल. समुपदेशकही पुढे निघून जातील. मग दोन प्रकरणं सगळं सुरळीत होत राहावं: टाकी धुतली जाते, पाणी येतं, नवे सेक्रेटरी निवडले जातात, गच्चीला नवं कुलूप लागतं. शेवटच्या पानावर परिपत्रक: टाकी धुण्याचा खर्च सर्व सदनिकांमध्ये समान विभागला जाईल. खाली सईची लेखी हरकत. चौथ्या मजल्यावर पाणी आधीच कमी दाबाने येतं, तेव्हा आमचा वाटा कमी असावा.